पहिल्या पुलाची शिलाई

नोंदणीच्या टेबलावर तीन रंगांच्या फिती मांडून ठेवल्या होत्या. अभ्यासकांना निळी, शिक्षकांना हिरवी आणि उरलेल्या सगळ्यांना पिवळी. उरलेल्यांना 'इतिहासप्रेमी' म्हणायचं असं परिषदेनं ठरवलं होतं, म्हणजे आपण उरलो असं कुणाला वाटायला नको.

"आपण काय करता?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

"बाइंडिंग."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? वह्यांवर. पुस्तकांवर."

"तसं नाही, संशोधन कशावर करता?"

"संशोधन तुम्ही लोक करता. मी ते शिवते."

मुलीनं थोडा विचार केला आणि पिवळी फीत पुढे केली. बाइंडरबाईंनी ती गळ्यात अडकवली. मागून त्यांची नणंद आली, गळ्यात हिरवी फीत, काखेत फायलींचा ढीग. नणंद चौथीच्या वर्गाला शिकवायची आणि आज तिचा निबंध वाचायचा होता.

"वहिनी, जरा हसत राहा. लोकांना वाटेल तुला धरून आणलंय."

"मला कोण धरून आणतंय, वन्सं? मीच आलेय."

हे खरं होतं. गेली सतरा-अठरा वर्षं नणंद या विभागीय इतिहास परिषदेला यायची आणि दरवर्षी म्हणायची, चल की गं. बाई दरवर्षी म्हणायच्या, हातात काम आहे. या वर्षी मात्र त्यांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा नणंदेला वाटलं की वहिनीला अखेर इतिहासाची गोडी लागली.

गोडी वगैरे काही नव्हतं. बाई आल्या होत्या एका वहीसाठी. दीडशे वर्षांपूर्वीच्या नगरसभेच्या बैठकांची नोंदवही होती ती, हाताएवढी, सहा जुजांची. आज संध्याकाळी पाच वाजता, समारोपाच्या वेळी, ती काचेच्या पेटीत ठेवून पेटी कायमची बंद होणार होती. त्याआधी बाईंना ती उसवायची होती. आणि उसवायला मिळावी म्हणून चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं होतं की ही वही चुकीची शिवलीय, आणि शिवणारी मी आहे.

पिशवीत सुई, मेणाचा दोरा, कात्री, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि चिकटवायच्या खळीची छोटी डबी होती. बोलायचं काय, ते मात्र कुठल्याच डबीत भरून आणता आलं नव्हतं.

जुज म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचा गठ्ठा. असे गठ्ठे एकाखाली एक लावून शिवले की वही होते. बावीस वर्षांपूर्वी दफ्तरखान्यातून ही वही बाईंकडे आली तेव्हा तिचा दोरा कुजला होता, पानं एकमेकांना चिकटली होती, आणि कोपऱ्यांतले पानांचे आकडे उंदरांनी खाल्ले होते. त्यात दीडशे वर्षांपूर्वीचा तो कारकून आळशी. वहीच्या पहिल्या पानावर एकदाच तारीख घालून त्यानं हात झटकले होते. पुढे प्रत्येक बैठकीवर नुसतं 'मागील बैठकीपुढे चालू'. मागील म्हणजे कुठली, ते त्याला ठाऊक आणि देवाला.

बाईंनी पानं सोडवली, मऊ ब्रशनं पुसली, सहाही जुज क्रमानं टेबलावर मांडले. आता पेन्सिलीनं बारीक आकडे घालायचे आणि शिवायला बसायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात नणंद आली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि शिक्षकाच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली होती. ती सरळ कामाच्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. तिच्या कोपराला आणि चहाच्या कपाला जागा करायची म्हणून बाईंनी जुज उचलले, थोडे इकडे ठेवले, थोडे तिकडे. तासाभरानं नणंद नाक पुसून घरी गेली. बाईंनी जुज परत लावले आणि शिवले. तिसऱ्याच्या जागी पाचवा गेला आणि पाचव्याच्या जागी तिसरा.

बाइंडर वाचत नाही. वाचत बसला तर शिवणार कधी? त्यामुळे आपल्या हातून काय झालं ते बाईंना कळलंच नाही. वही दफ्तरखान्यात गेली. तिथे दोन वर्षांनी एका प्राध्यापकांच्या हाती लागली, आणि मग जे काही झालं त्याला इतिहास म्हणतात.

तिसऱ्या जुजात नगरसभेनं नदीवर पूल बांधायचं ठरवलं होतं. पाचव्यात, काही वर्षांनी, त्याच पुलाचा कठडा एका गाडीनं मोडला म्हणून दुरुस्तीची तक्रार होती. बाईंच्या शिलाईत आधी कठडा मोडला आणि मग पूल बांधायचं ठरलं. प्राध्यापकांनी यावरून सिद्ध केलं की आजच्या पुलाआधी तिथे आणखी एक पूल होता. पहिला पूल. त्याचा कठडा मोडला, मग तो सगळाच पडला, आणि शहराला दुसरा बांधावा लागला. पूल पडल्याचा मधल्या पानांत एका अक्षरानं उल्लेख नव्हता. त्यावर प्राध्यापकांनी दुसरा ग्रंथ लिहिला: सभासदांना इतकं दुःख झालं होतं की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. या मौनावर तीन जणांनी डॉक्टरेट मिळवली. प्राध्यापकांना लोक प्रेमानं पूलगुरू म्हणू लागले आणि त्यांनी ते कधी नाकारलं नाही.

मग पहिला पूल चौथीच्या पुस्तकात गेला. गेल्या महिन्यात एका मुलीची आई ते पुस्तक बाईंकडे घेऊन आली. मुखपृष्ठ फाटलं होतं. बाई पान चाळत नव्हत्या, पाठ चिकटवत होत्या, तेवढ्यात वहीचा फोटो दिसला. दोन समोरासमोरची पानं. 'पहिल्या पुलाचा पहिला उल्लेख.' शिलाई आपली आहे हे बाईंनी लगेच ओळखलं. स्वतःच्या हाताचा टाका माणूस गर्दीतही ओळखतो. पण डाव्या पानावर मसुराएवढं भोक होतं. कागद खाणाऱ्या किड्यानं पाडलेलं. आणि उजव्या पानावर, त्याच जागी, काही नव्हतं.

किडा वरच्या पुठ्ठ्यातून शिरतो आणि सरळ खाली जातो. वाटेत एखादं पान आवडलं नाही म्हणून सोडून देत नाही. बाईंच्या हातातला डिंक वाळून गेला तरी त्या फोटोकडे बघत बसल्या होत्या.

पहिलं सत्र सुरू झालं. निळी फीत पुढच्या खुर्च्यांवर, त्यांच्यासमोर प्रत्येकी पाण्याची बाटली. हिरवी फीत मध्ये, चार जणांत एक जग. पिवळी फीत मागे, पंख्याखाली, आणि पंखा असा आवाज करायचा की तहान लागल्याचंही ऐकू येऊ नये.

विषय होता, पहिला पूल लाकडी की दगडी. लाकडी बाजूनं दोन निबंध, दगडी बाजूनं दोन. दगडी बाजूच्या अभ्यासकानं नदीत सापडलेल्या एका दगडाचं छायाचित्र दाखवलं. लाकडी बाजूनं विचारलं, नदीत दगड सापडणं हा पुरावा कसा? दगडी बाजूनं विचारलं, मग लाकूड का सापडलं नाही? लाकडी बाजू म्हणाली, कारण ते वाहून गेलं, आणि हाच आमचा पुरावा. टाळ्या झाल्या.

बाईंच्या शेजारी एक निवृत्त काका बसले होते. मांडीवर आगकाड्यांचा पूल, दोन हात लांब, प्रत्येक काडी रंगवलेली.

"सहा वर्षं लागली," ते कुजबुजले. "घरी बायको म्हणते, एक तर हा पूल राहील नाहीतर मी."

"मग?"

"ती बहिणीकडे असते."

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. या माणसाची सहा वर्षं आपल्या एका जुजाखाली दबलीत, असं मनात आलं आणि त्यांनी पिशवी घट्ट धरली.

सत्र संपता संपता कार्यवाह उठले. उंच, काटकुळे, हातात घंटी. "प्रश्नोत्तरं. निळ्या फितीच्या सदस्यांनी प्रश्न विचारावेत. हिरव्या फितीच्या सदस्यांना शंका असल्यास दुपारच्या खुल्या चर्चेत मांडता येतील."

बाईंनी हात वर केला. कार्यवाहांनी हाताकडे पाहिलं, मग फितीकडे पाहिलं.

"पिवळ्या फितीसाठी अभिप्रायाचा छापील कागद आहे, ताई. खुर्चीवर ठेवलाय."

बाईंनी कागद उचलला. 'परिषद आपणास कशी वाटली? उत्तम, अतिउत्तम, अविस्मरणीय. यांपैकी एकावर खूण करावी.' सांगायचं होतं ते यांपैकी कशातच बसत नव्हतं.

चहाच्या वेळी त्यांनी नणंदेला खांबामागे गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सगळं म्हणजे जुज, भोक, फोटो. कोपर आणि रडणं सांगितलं नाही.

नणंद कप हातात धरून म्हणाली, "वहिनी, माझा निबंध साडेअकराला आहे."

"हो."

"'पहिला पूल: वर्गातून रंगमंचाकडे.' नऊ वर्षं मुलांकडून नाटक बसवून घेतलंय मी. पूल पडतो तेव्हा पालक डोळे पुसतात."

"ठाऊक आहे. मी पण पुसलेत."

"मग साडेअकरापर्यंत तरी पूल राहू दे ना गं."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पण पाच वाजता पेटी बंद होणार आहे, वन्सं."

"आणि तुझं काय होईल, त्याचा विचार केलायस? दफ्तरखान्याची सगळी कामं तुझ्याकडे येतात. उद्या म्हणतील, हिनं बाकीच्या वह्यांतही काय घोळ घातलेत कोण जाणे."

हाच काटा बाईंच्या मनात महिनाभर टोचत होता. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, माझ्या हातची वही कधी परत आली नाही. सांगताना बोट आपोआप अंगठ्यावर जायचं, दोरा ओढल्यासारखं. ती एकच ऐट होती त्यांच्याकडे, आणि ती कुणी दिलेली नव्हती. कुठल्या शाळेत जाऊन शिकल्या नव्हत्या; उसवून उसवून, बघून बघून शिकल्या होत्या.

"म्हणतील," त्या म्हणाल्या. "म्हणू देत."

नणंदेनं कप ठेवला आणि निबंध वाचायला गेली. छान वाचला. पूल पडण्याच्या प्रसंगाचं चित्रीकरण दाखवलं, त्यात पांढऱ्या मिशा लावलेले चौथीतले नगरसभासद तोंडावर हात ठेवून मौन पाळत होते. सभागृह गहिवरलं. पूलगुरूंनी रुमाल काढला. नणंद मात्र खाली येताना कुणाकडे बघत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती बाईंना शोधत आली. "चल, दाखव मला ते भोक."

वही बाजूच्या दालनात होती, उतरत्या लाकडी टेकणीवर उघडी ठेवलेली. शेजारी रिकामी काचेची पेटी आणि पेटीशेजारी स्टुलावर काचवाला डबा खात बसला होता. बघायला मनाई नव्हती. बाईंनी पान धरलं, अलगद, दोन बोटांत, आणि एकेक उलटत गेल्या. पहिला जुज, भोक. दुसरा जुज, भोक. मग आठ पानं भोकाविना करकरीत. मग पुन्हा भोक, पुन्हा भोक, आणि शेवटचा जुज पुन्हा भोकाविना.

"म्हणजे किड्यानं आठ पानं उडी मारली," नणंद म्हणाली.

"किडे उडी मारत नाहीत."

"ते कळलं मला. चौथीला शिकवते म्हणून मला चौथीतली समजू नकोस." ती बराच वेळ त्या भोक नसलेल्या पानाकडे बघत राहिली. उत्तरपत्रिकेत नक्कल सापडली की शिक्षिका जशी बघते, तशी. राग मुलाचा नाही, आपण आधी कसं पाहिलं नाही याचा. "नऊ वर्षं. दरवर्षी पंचेचाळीस पोरं. सगळ्यांना मी सांगितलं, नीट बघायला शिका." मग अचानक वळून म्हणाली, "पण तुझ्याकडून असं झालं तरी कसं? तू तर मिठाची पुडीसुद्धा मोजून बांधतेस."

"झालं," बाई म्हणाल्या.

काचवाल्यानं डबा बंद केला. "एक विचारू का? ही आत घालायची आहे तर सरळ करून घाला बुवा. मी एकदा गम मारला की तुमच्या नातवंडांनासुद्धा ती पेटी उघडायची नाही. फोडावी लागेल."

"किती वेळ आहे?" नणंदेनं विचारलं.

"पाचला मारायचा म्हणालेत. मी काय, सांगतील तेव्हा मारतो. गमाला इतिहास कळत नाही."

अडीच वाजता खुली चर्चा सुरू झाली. कार्यवाहांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, आता हिरव्या फितीच्या शंका. बाईंजवळ मागे येऊन बसलेली नणंद उभी राहिली.

"माझी शंका माझ्या वहिनी विचारतील."

"नियमात असं—"

"शंका माझीच आहे. घसा बसलाय माझा," नणंद खणखणीत आवाजात म्हणाली, आणि बाईंचा दंड धरून त्यांना उभं केलं.

बाईंच्या समोर दीडशे डोकी वळली. पंखा आवाज करत होता. त्यांना वाटलं, याच्याआड लपून बोलून टाकावं. पण कुणीतरी, नेमकं आत्ताच, पंखा बंद केला.

"मी वह्या शिवते," त्या म्हणाल्या. "नगरसभेची वही मी शिवलीय, बावीस वर्षांपूर्वी. त्यातला तिसरा आणि पाचवा जुज मी उलटसुलट लावला. पूल आधी बांधायचं ठरलं, कठडा नंतर मोडला. पूल एकच होता. तुमचं कुणाचं काही चुकलं नाही, तुम्ही जे समोर होतं ते वाचलंत. चूक माझी आहे. माझ्या हातची वही कधी परत आली नाही, असं मी सांगत आले. ही यायला हवी होती. ती मला आज तासभर द्या, मी सरळ करून देते."

मग त्यांनी किड्याचं सांगितलं, आणि बसल्या.

सभासदांचं मौन कसं असतं ते त्या सभागृहाला वीस वर्षांत पहिल्यांदाच बघायला मिळालं. शेवटी पूलगुरू उठले. सत्तरीचे, गोरे, मऊ बोलणारे गृहस्थ.

"बाईंच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं," ते म्हणाले. "पण भोकांचं स्पष्टीकरण दुसरंही असू शकतं. दोन किडे असतील."

लाकडी बाजूनं माना डोलावल्या. दगडी बाजूनंही डोलावल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. एका तरुण अभ्यासकानं तर लिहूनही घेतलं: पहिला किडा, दुसरा किडा, मधलं मौन.

"दोन किडे एकाच जागी, एकाच मापाचं भोक पाडतील?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"प्रश्न फक्त निळ्या फितीनं," कार्यवाह म्हणाले.

आणि मग खरी चर्चा सुरू झाली, कारण आता मुद्दा नियमाचा होता. वही उघडायची तर ठराव हवा. ठराव मांडणार कोण? पिवळी फीत ठराव मांडू शकते का? एका निळ्या फितीनं आक्षेप घेतला की बाई इथे सदस्य नाहीतच, त्या ऐतिहासिक साधन आहेत. कागद, नाणं, शिलालेख, तशा. आणि साधनंच उठून बोलायला लागली तर अभ्यासकांनी काय करायचं? दुसरे म्हणाले, चूक झाली असेल, पण आता ती बावीस वर्षांची आहे; आणखी थोडी थांबली की तिचंच जतन करावं लागेल. दगडी बाजूनं उपसूचना मांडली. लाकडी बाजूनं उपसूचनेला उपसूचना मांडली. घंटी वाजत राहिली.

"हे पाचपर्यंत संपायचं नाही," नणंद कानात म्हणाली. "ऊठ."

"ठराव व्हायचाय, वन्सं."

"ठराव वहीवर होतोय ना? मग वही कुठाय ते बघायला नको? ऊठ म्हणते ना."

दालनात काचवाल्यानं स्टूल मोकळं करून दिलं आणि पाण्याची बाटली उचलून लांब ठेवली. बाईंनी टेबलावर कोरा कागद अंथरला, वही उपडी ठेवली आणि स्वतःच्याच टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं. क्षणभर हात थांबला. बावीस वर्षांत टाका जराही सैल झाला नव्हता. शिलाई कशी, तर अशी, की चूकसुद्धा हलली नव्हती. मग त्यांनी कात्री दाबली.

दोरा सुटला. पुठ्ठा वेगळा झाला. जुज मोकळे झाले तसे बाईंनी ते एकेक करून मांडले आणि नणंदेला म्हणाल्या, "आता तुम्ही वाचा. मोठ्यानं. मी बघत नाही, तुम्ही सांगाल तसा लावते."

"मी?"

"माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही आज."

नणंदेनं चष्मा लावला. पहिल्या जुजात मोकाट गुरांची तक्रार. दुसऱ्यात विहिरीचं झाकण, नावाडी वेळेवर येत नाही, नावाडी उर्मट आहे, नावाड्याला काढून टाकावं. आणि शेवटची ओळ अर्धीच: "चर्चेअंती सर्व सभासदांचे एकमत झाले की—"

"ती ओळ अपुरी आहे," दारातून आवाज आला. पूलगुरू उभे होते. चर्चेत त्यांच्याच सिद्धांतावर इतकी गर्दी झाली होती की त्यांना बोलायला जागा उरली नव्हती, म्हणून ते बाहेर आले होते. टेबलावरची उसवलेली वही त्यांनी पाहिली. ओरडले नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाले, "पुढचं पान हरवलंय. मी त्यावर लेख लिहिलाय. वीस वर्षं मी त्या वाक्याचा पुढचा भाग शोधतोय, बाई. परदेशातल्या ग्रंथालयांना पत्रं पाठवली."

"वाचा, वन्सं," बाई म्हणाल्या आणि तिसरा जुज पुढे सरकवला.

नणंदेनं वाचलं. "—नदीवर आजवर पूल नाही ही या शहराला लाज आहे, व तो विनाविलंब बांधावा."

पूलगुरू पुढे आले, चष्मा कपाळावर चढवला, नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि ती ओळ स्वतः वाचली. डाव्या जुजाचा शेवट, उजव्याची सुरुवात. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दोन ग्रंथ, तीन डॉक्टरेट, एक टोपणनाव, सगळं त्या ओळीत बुडत होतं, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण वीस वर्षं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं झालं की माणसाला कसं होतं, तेही त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि दोन्ही एकदम दिसत असल्यामुळे तो चेहरा बघणं जरा अवघड जात होतं.

"नावाडी," ते शेवटी म्हणाले. "नावाड्याच्या भांडणामुळे पूल झाला. कुणी म्हणजे कुणी लिहिलेलं नाही हे."

"आता लिहा," नणंद म्हणाली.

"सत्तरीत?"

"मी तेविसाव्या वर्षी दोनदा नापास झाले होते. विचारा वहिनीला. हिच्या टेबलावर डोकं ठेवून..." आणि बोलता बोलता ती थांबली. तिनं टेबलावर पसरलेले जुज पाहिले. मग बाईंकडे पाहिलं. बाई सुईत दोरा ओवत होत्या आणि त्याला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

"वहिनी."

"चौथा द्या."

"वहिनी, त्या दिवशी हीच वही होती?"

"चौथा द्या हो, वन्सं. चार वाजत आले."

नणंदेनं चौथा जुज दिला, आणि मग पाचवा, आणि सहावा. नाक दोनदा ओढलं. मध्येच म्हणाली, "बावीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाहीस," आणि बाई म्हणाल्या, "मला तरी कुठे ठाऊक होतं?" आणि एवढ्यावर ते दोघींपुरतं मिटलं. बाई शिवत गेल्या. आत, बाहेर, खालच्या जुजाला गाठ, वर. काचवाला टाक्यांकडे बघत होता. एका कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तसं, तोंड बंद ठेवून.

शिलाई झाली. बाईंनी पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि इकडेतिकडे पाहिलं. दाबायला वजन नव्हतं. दुकानात शिकंजा असतो. इथे परिषदेची स्मरणिका तेवढी होती, आणि तिच्यात वजन नव्हतं.

"सर, हात द्या. दोन्ही. असे, सपाट. पाठीवर भार टाका आणि हलू नका. वीस मिनिटं."

पूलगुरूंनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि वहीवर दोन्ही तळहात ठेवले.

त्याच वेळी सभागृहाचं दार उघडलं आणि कार्यवाह घंटी घेऊन बाहेर आले. मागे निळी फीत, तिच्या मागे हिरवी, आणि सगळ्यात मागे आगकाड्यांचा पूल डोक्यावर धरून ते काका. चर्चा संपून मतदान झालं होतं. वही उघडावी या बाजूनं एकतीस, उघडू नये या बाजूनं एकतीस.

"सर, तुमचंच मत उरलंय," कार्यवाह म्हणाले. टेबलावर काय आहे ते त्यांना अजून नीट दिसलं नव्हतं. दिसत होती ती पूलगुरूंची वाकलेली पाठ. "नियमाप्रमाणे हात वर करून द्यावं लागेल. वही उघडण्यास आपला विरोध असेल तर हात वर करा, नाहीतर संमती धरली जाईल."

पूलगुरूंनी मान वर केली. दालनभर आपले विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, लाकडी आणि दगडी. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"सहा मिनिटं."

"मग मला हात वर करता येणार नाही," पूलगुरू कार्यवाहांना म्हणाले. "खळ ओली आहे."